डीओ विद्यार्थ्यांसाठी: मोठ्या रुग्णालयातलं व्हिजिटिंग इलेक्टिव्ह कसं मिळवायचं

अमेरिकेतल्या ऑस्टिओपॅथिक (डीओ पदवी देणाऱ्या वैद्यकीय) कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याला मेयो किंवा क्लीव्हलंड क्लिनिकसारख्या ठिकाणी पाहुणा विद्यार्थी म्हणून चार आठवडे काम करायचं असेल, म्हणजे ‘व्हिजिटिंग इलेक्टिव्ह’ हवं असेल, तर त्याची पहिली गाठ तिथल्या डॉक्टरांशी पडत नाही. ती पडते दोन संस्थांमधल्या कराराशी, हेपॅटायटिस बीच्या एका आकड्याशी आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन कॅलेंडरांशी. नकार आला की ‘डीओ म्हणून घेतलं नाही’ असं सहज म्हटलं जातं. कधी ते खरंही असतं. पण बरेचदा अर्ज कुणा डॉक्टरच्या नजरेपर्यंत पोचलेलाच नसतो. ‘कागद अपूर्ण’ असा शेरा घेऊन तो कोऑर्डिनेटरकडेच अडकलेला असतो. म्हणून या लेखात कागदांना आणि तारखांना जास्त जागा दिली आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा, कारण मराठी घरांत हा घोळ हमखास होतो. अमेरिकेतला डीओ म्हणजे हाडवैद्य नव्हे. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ साली मिसूरीतल्या कर्क्सव्हिलला पहिलं ऑस्टिओपॅथिक कॉलेज काढलं. आज डीओ पदवीधर पन्नासही राज्यांत एमडीइतकीच (एमडी ही अमेरिकेतली नेहमीची वैद्यकीय पदवी) पूर्ण प्रॅक्टिस करू शकतो. औषधं देतो, शस्त्रक्रियाही करतो. ब्रिटन, युरोप किंवा ऑस्ट्रेलियातला ‘ऑस्टिओपॅथ’ मात्र वैद्यकीय डॉक्टर नसतो, त्यामुळे तिथला डिप्लोमा घेऊन या वाटेने येता येत नाही. भारतातल्या एमबीबीएस विद्यार्थ्यांची इलेक्टिव्हही वेगळ्या खिडकीतून होतात. पुढचं सगळं अमेरिकन डीओ कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

२०२० साली डीओ आणि एमडी यांच्या रेझिडेन्सी (पदवीनंतर रुग्णालयात घ्यायचं प्रशिक्षण) एकाच मान्यतेखाली आल्या. २०२४च्या मॅचमध्ये, म्हणजे रेझिडेन्सीच्या जागांच्या वार्षिक वाटपात, अमेरिकन एमडी विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्क्यांना जागा मिळाली, डीओंपैकी ९२.३ टक्क्यांना. एकूण आकड्यांत फरक नाममात्रच. तो जाणवतो मोठ्या विद्यापीठांच्या रेझिडेन्सींत आणि चुरशीच्या शाखांत. तिथे कॉलेजचं नाव कुणाला माहीत नसलं, तर चार आठवडे प्रत्यक्ष काम करून दाखवणं हाच सगळ्यांत भक्कम पुरावा ठरतो.

कशासाठी जायचं, ते आधी ठरवा

‘व्हिजिटिंग इलेक्टिव्ह’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. सब-इंटर्नशिपमध्ये तुम्ही वॉर्डच्या टीमचा भाग असता, स्वतःचे दोन-चार रुग्ण सांभाळता, रेझिडेंट तुम्हाला रोज पाहतात. कन्सल्ट इलेक्टिव्हमध्ये तुम्ही एखाद्या उपशाखेच्या टीमबरोबर, म्हणजे कार्डिऑलॉजी किंवा नेफ्रॉलॉजीच्या फेलोबरोबर (रेझिडेन्सीनंतर उपशाखा शिकणाऱ्या डॉक्टरबरोबर) फिरता. तिसरा प्रकार नुसत्या निरीक्षणाचा. त्याचा रेझिडेन्सीसाठी जवळपास काही उपयोग नाही, आणि त्यावर पैसे घालवू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

नामांकित रुग्णालयांत सब-इंटर्नशिपच्या जागा पुष्कळदा आपल्याच विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या असतात आणि पाहुण्यांच्या वाट्याला कन्सल्ट इलेक्टिव्ह येतं. ते वाईट नाही, पण तिथे दर आठवड्याला अटेंडिंग (टीमचा वरिष्ठ डॉक्टर) बदलू शकतो आणि रेझिडेन्सी निवडणाऱ्या मंडळींशी गाठच पडत नाही. तीन दिवस सोबत काम केलेल्या प्रसिद्ध प्राध्यापकाचं शिफारसपत्र मोघम निघतं. चार आठवडे रोज पाहिलेल्या, फारशा प्रसिद्ध नसलेल्या अटेंडिंगचं पत्र त्यापेक्षा कितीतरी वजनदार असतं. म्हणून इलेक्टिव्ह निवडताना रुग्णालयाच्या नावाआधी एक प्रश्न विचारा: इथे सलग दोन आठवडे तरी एकच अटेंडिंग मला पाहणार आहे का?

शाखेप्रमाणे गरज बदलते. ऑर्थोपेडिक्स, न्यूरोसर्जरी, कान-नाक-घसा या शाखांत बाहेरची रोटेशन (एखाद्या विभागात ठरावीक आठवडे काम करणं) जवळजवळ अपेक्षितच असतात. इमर्जन्सी मेडिसिनमध्ये ‘स्लो’ नावाचं ठरावीक नमुन्यातलं मूल्यमापन पत्र लागतं आणि ते मुख्यतः रेझिडेन्सी असलेल्या विभागात काम करून मिळतं. ज्यांच्या कॉलेजला स्वतःची इमर्जन्सी रेझिडेन्सी नाही, अशा डीओ विद्यार्थ्यांना त्यासाठी बाहेर पडावंच लागतं. इंटर्नल मेडिसिन, बालरोग, फॅमिली मेडिसिन यांत बाहेरचं रोटेशन ऐच्छिक आहे. तिथे एका विशिष्ट रुग्णालयाची ओढ असेल तर एक करावं, तीन करण्याची गरज नाही.

पात्रतेची ओळ

यजमान रुग्णालयाच्या व्हिजिटिंग स्टुडंट पानावर पात्रतेचं एक वाक्य असतं. एमडी कॉलेजांना मान्यता देणारी संस्था एलसीएमई, डीओ कॉलेजांना देणारी कोका. ‘एलसीएमई किंवा कोका मान्यताप्राप्त’ असं लिहिलं असेल, तर दार उघडं आहे. फक्त ‘एलसीएमई’ लिहिलं असेल, तर डीओ विद्यार्थी सहसा पात्र नाही. तरी एक ईमेल टाकून खात्री करावी, कारण काही पानं जुनी असतात. कधी संस्थेचं धोरण खुलं असतं पण एखादा विभाग घेत नाही. व्हीएसएलओ या अर्ज-प्रणालीच्या यादीत प्रत्येक इलेक्टिव्हखाली वेगळ्या अटी दिलेल्या असतात, त्या शेवटपर्यंत वाचा.

शुल्कही इथेच पाहा. डीओ विद्यार्थ्यांना एमडीपेक्षा जास्त शुल्क लावणाऱ्या संस्था आहेत. अन्याय्य आहे, पण अर्ज भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

तिसरी गोष्ट परीक्षांची. कॉमलेक्स ही डीओंची परवाना-परीक्षा, यूएसएमएलई ही एमडींची, पण डीओही देऊ शकतात अशी. कॉमलेक्स लेव्हल १ आणि यूएसएमएलई स्टेप १ या दोन्ही २०२२पासून फक्त पास-नापास आहेत. काही यजमानांना लेव्हल १ पुरते, काहींच्या फॉर्ममध्ये स्टेप १चा रकाना सक्तीचा असतो. स्टेप १ न देता थेट स्टेप २ सीके देता येते आणि बरेच डीओ विद्यार्थी तसं करतात. पण सक्तीचा रकाना असलेल्या ठिकाणी ही मंडळी अडतात. अर्जात कॉमलेक्सचे गुण कॉमलेक्सच्याच रकान्यात भरा. इंटरनेटवरच्या कोष्टकाने त्यांचं यूएसएमएलईत रूपांतर करून टाकू नका. तो आकडा कुठल्याच अधिकृत गुणपत्रकाशी जुळत नाही, आणि अर्ज नको तिथे संशयास्पद दिसतो.

मग त्या विभागाच्या रेझिडेंटची यादी उघडा. गेल्या तीन-चार वर्षांत एकही डीओ नसेल, तर तिथे जाऊ नका असं नाही. पण सगळे ब्लॉक (रोटेशनचे ठरलेले कालखंड) अशाच ठिकाणी घालवणं म्हणजे जुगार. ‘ऑस्टिओपॅथिक रेकग्निशन’ मिळालेली रेझिडेन्सी असेल, तर तिथे डीओंचं प्रशिक्षण ओळखीचं आहे हे गृहीत धरता येतं.

मोठ्या संस्थांच्या जोड-रुग्णालयांकडेही लक्ष असू द्या. ओहायो विद्यापीठाच्या हेरिटेज ऑस्टिओपॅथिक कॉलेजचा क्लीव्हलंड परिसर २०१५पासून क्लीव्हलंड क्लिनिकच्याच साउथ पॉइंट रुग्णालयात आहे. अशा ठिकाणी डीओ विद्यार्थी नवलाचा नसतो. मात्र जोड-रुग्णालयातलं रोटेशन आणि मुख्य परिसरातली रेझिडेन्सी या एकच गोष्टी नव्हेत. दोन्हींचे निवड करणारे लोक वेगळे असू शकतात.

करार: सगळ्यांत हळू हलणारा कागद

तुमचं कॉलेज आणि यजमान यांच्यात ‘अफिलिएशन ॲग्रीमेंट’ झालेलं नसेल, तर निवड होऊनही रोटेशन सुरू होत नाही. या करारात विम्याची जबाबदारी कुणाची, विद्यार्थ्याला काढून टाकायचा अधिकार कुणाचा, अपघात झाला तर खर्च कुणाचा, असल्या गोष्टी असतात. दोन्हीकडचे वकील तो वाचतात. ‘नुकसानभरपाई’च्या एका कलमावर तो महिनोन्‌महिने अडकलेला सापडतो, विशेषतः एक बाजू सरकारी विद्यापीठ असेल तर, कारण राज्याच्या कायद्यामुळे त्यांना काही कलमं मान्यच करता येत नाहीत.

एएएमसी या अमेरिकन वैद्यकीय कॉलेजांच्या संघटनेचा अशा कराराचा एक समान नमुना आहे. दोन्ही संस्थांनी तो आधीच स्वीकारला असेल, तर एका पानाच्या पत्रावर काम भागतं. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबर-डिसेंबरातच आपल्या क्लिनिकल एज्युकेशन ऑफिसला तीन प्रश्न विचारा: आपले कोणाकोणाशी चालू करार आहेत, त्यांची मुदत कधी संपते, आणि नवा करार करायला सरासरी किती वेळ लागतो? यादी मागून घ्या. स्वप्नातल्या पाच ठिकाणांपैकी दोन त्या यादीत असतील, तर अर्धं काम झालं.

करार नसलेलं ठिकाण हवंच असेल, तर मागणी जानेवारीत नोंदवा. सप्टेंबरच्या रोटेशनसाठी जूनमध्ये मागितलेला करार वेळेत होणं कठीण. आणि तो पाठवला गेला का, आता कुणाच्या हातात आहे, हे दर दोन आठवड्यांनी नम्रपणे विचारत राहा. ‘पाठवलाय’ या शब्दावर विसंबू नये. ईमेल दुसऱ्याच विभागात पडून राहिल्याने जागा गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

लसी, रक्ततपासण्या आणि नावाचा घोळ

बहुतेक यजमान एएएमसीचा प्रमाणित लसीकरण फॉर्म मागतात. वरवर साधा दिसतो, पण भारतात जन्मलेल्या किंवा लहानपणी तिथे लसी घेतलेल्या विद्यार्थ्यांना तो हमखास दगा देतो.

हेपॅटायटिस बीचे तीन डोस झाले एवढं पुरत नाही; सरफेस अँटिबॉडीचा संख्यात्मक टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं मोजमाप) लागतो आणि तो १० मिली-आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलीलिटर किंवा जास्त हवा. प्रयोगशाळेने नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहून दिलं तर कागद परत येतो. लहानपणी लस घेतलेल्यांचा टायटर विशीत १०च्या खाली गेलेला असणं अगदी सामान्य आहे. तसं झालं तर एक जादा डोस घेऊन एक-दोन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. तरीही कमी आला तर मालिका पूर्ण करायची. नेहमीच्या लसीची मालिका ०, १ आणि ६ महिने अशी चालते. म्हणजे मार्चमध्ये जाग आली, तर शेवटचा डोस सप्टेंबरात. हेप्लिसाव्ह-बी ही दोन डोसांची लस चार आठवड्यांच्या अंतराने पूर्ण होते. वेळ कमी असेल तर डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा. सगळ्यांत शहाणपणाचं म्हणजे डिसेंबरातच टायटर करून घेणं.

क्षयरोगाची तपासणी दुसरा खड्डा. बीसीजी (क्षयाची लस) घेतलेल्यांची त्वचाचाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून त्यांनी त्वचाचाचणीच्या वाटेला न जाता थेट क्वांटिफेरॉनसारखी रक्ततपासणी करावी. ती पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे, लक्षणांचा फॉर्म आणि उपचारांविषयीचं डॉक्टरांचं पत्र लागेल. त्यासाठी तीन-चार आठवडे हाताशी ठेवा. आणखी एक बारीक गोष्ट: गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या या जिवंत लसी क्षयचाचणीचा निकाल बिघडवू शकतात. लस आणि चाचणी एकाच दिवशी करा, नाहीतर लसीनंतर चार आठवडे थांबा. मंगळवारी लस आणि पुढच्या सोमवारी चाचणी, असं करणाऱ्यांना ती पुन्हा करायला लागू शकते.

गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस किंवा टायटर, कांजिण्यांचे दोन डोस किंवा टायटर (‘लहानपणी कांजिण्या आल्या होत्या’ हे आईचं म्हणणं पुरावा म्हणून सहसा चालत नाही), दहा वर्षांच्या आतला टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकल्याची लस) आणि हंगामात फ्लूची लस. भारतातलं जुनं लसीकरण कार्ड फाटलेलं, मराठीत लिहिलेलं किंवा नुसत्या महिन्याच्या नोंदीचं असेल, तर ते सिद्ध करत बसण्यापेक्षा सरळ टायटर करा. स्वस्त पडतं आणि वाद होत नाही.

आता नाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून, कॉलेजच्या नोंदीत फक्त त्याचं आद्याक्षर, बीएलएसच्या (प्राथमिक जीवरक्षण प्रशिक्षणाच्या) कार्डावर तेही नाही, आणि लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल तर चौथाच प्रकार. आपल्या पद्धतीत यात काहीच वावगं नाही. पार्श्वभूमी तपासणाऱ्या कंपनीला मात्र ही चार वेगळी माणसं दिसतात. सरकारी ओळखपत्रावर आहे तेच नाव, त्याच क्रमाने, सगळीकडे ठेवा आणि आधीची नावं विचारतात त्या रकान्यात सगळी लिहा.

उरलेल्या कागदांची जंत्री झरझर: बीएलएस आणि शक्यतो एसीएलएसचं (त्याच्या पुढच्या, प्रगत प्रशिक्षणाचं) कार्ड, ज्याची मुदत रोटेशन संपेपर्यंत टिकायला हवी; हिपा (रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा) आणि रक्तजन्य संसर्ग यांच्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं; एन-९५ मास्कची फिट टेस्ट; आरोग्यविम्याचं कार्ड; कॉलेजचं दायित्व विम्याचं प्रमाणपत्र, सहसा एका घटनेला १० लाख डॉलर आणि एकूण ३० लाख डॉलरचं; पार्श्वभूमी तपासणी; दहा घटकांची ड्रग टेस्ट. ड्रग टेस्ट फार आधी करू नका, कारण ती ठरावीक दिवसांच्या आतलीच चालते. यजमानाची अट वाचून मगच तारीख घ्या. टेस्टआधी बाटलीभर पाणी पिऊन गेलात, तर नमुना ‘पातळ’ म्हणून पुन्हा द्यावा लागतो. तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी रुग्णालयाचा नियम त्याने बदलत नाही. पॉझिटिव्ह निकालावर रोटेशन रद्द होऊ शकतं आणि ती बातमी तुमच्या कॉलेजलाही जाते.

हे सगळं एका फोल्डरमध्ये, प्रत्येक कागदाची वेगळी पीडीएफ आणि नावात मुदत संपण्याची तारीख, असं ठेवा. मोबाइलने तिरपे काढलेले फोटो चढवू नका.

दोन कॅलेंडरं जुळवणं

समजा, यजमानाचा चार आठवड्यांचा ब्लॉक सोमवारी २९ जूनला सुरू होतो आणि तुमचं तिसऱ्या वर्षाचं सर्जरी रोटेशन शुक्रवारी ३ जुलैला संपतं. हा पाच दिवसांचा खोडा जागा घालवू शकतो, कारण ‘उशिरा येईन’ हे फारच थोडे यजमान चालवून घेतात. बहुतेकांची अट असते की इंटर्नल मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, मानसोपचार आणि फॅमिली मेडिसिन ही मूळ रोटेशन आधी पूर्ण झालेली हवीत. तेव्हा चौथ्या वर्षाची आखणी करताना यजमानांची ब्लॉक-तारखांची कोष्टकं समोर ठेवून दोन ठिकाणी एकेक आठवडा मोकळा ठेवा. सुट्टी, ऑनलाइन इलेक्टिव्ह किंवा परीक्षेच्या अभ्यासाचा वेळ त्यात बसवता येतो.

आपल्या कॉलेजचे नियमही तपासा. बाहेरची किती रोटेशन चालतात, एकाच शाखेत किती, ऑस्टिओपॅथिक मॅनिप्युलेशनचं (हातांनी स्नायू-सांध्यांवर करायच्या उपचारांचं) सक्तीचं रोटेशन कधी, कॉमलेक्स लेव्हल २ची अंतिम तारीख कोणती.

कोणता महिना कशासाठी? रेझिडेन्सीचे अर्ज कार्यक्रमांना सप्टेंबरच्या अखेरीस दिसू लागतात. म्हणून पत्र हवं असलेलं रोटेशन जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत संपायला हवं. ऑक्टोबर ते डिसेंबरातलं रोटेशन पत्रासाठी उशिराचं, पण मुलाखतीच्या हंगामात समोर असण्यासाठी चांगलं.

स्वप्नातलं ठिकाण वर्षाचा पहिला ब्लॉक म्हणून घेऊ नका. डीओ कॉलेजांतल्या अनेक विद्यार्थ्यांचं तिसरं वर्ष एकाच डॉक्टरच्या हाताखाली, बाह्यरुग्ण विभागात जातं. रेझिडेंटची टीम, पहाटेचा राउंड, एपिक या रुग्णनोंदींच्या संगणक-प्रणालीत पूर्ण नोट लिहिणं याची सवयच नसते. ती उणीव बुद्धीची नाही, सरावाची आहे, पण बघणाऱ्याला फरक कळत नाही. आधी आपल्या मूळ रुग्णालयात किंवा ओळखीच्या ठिकाणी एक सब-इंटर्नशिप करा, मग ऑगस्ट-सप्टेंबरात मोठ्या ठिकाणी जा.

अर्ज

बहुतेक जागा एएएमसीच्या व्हीएसएलओ या प्रणालीतून भरतात. तिथे तुमच्या कॉलेजने तुम्हाला प्रवेश द्यावा लागतो. तुमचं कॉलेज त्यात नसेल, तर यजमानाचा स्वतःचा फॉर्म असतो किंवा अर्ज पीडीएफने जातो. तेव्हा हे आधी विचारून घ्या. प्रत्येक यजमानाच्या खिडकीची तारीख वेगळी असते. उन्हाळ्याच्या जागांसाठी वसंतातच तयार राहावं लागतं. खिडकी उघडते त्या दिवशी अर्ज जायला हवा, त्या आठवड्यात नव्हे.

तुम्ही ‘सबमिट’ दाबलं म्हणजे अर्ज पोचला असं नाही. तुमच्या कॉलेजच्या रजिस्ट्रारने तुमची पात्रता पडताळावी लागते, आणि इथेच अर्ज आठवडाभर झोपतात. खिडकी उघडण्याच्या आधीच रजिस्ट्रारला कळवून ठेवा आणि अर्ज टाकल्यावर तिसऱ्या दिवशी स्थिती पाहा.

एका ब्लॉकसाठी तीन ते पाच ठिकाणी अर्ज करावा. त्यात एक आवाक्याबाहेरचं, दोन-तीन शक्यतेतली आणि एक जवळपास नक्की मिळणारं. वीस ठिकाणी अर्ज टाकणाऱ्यांचे पैसे जातात आणि कुठल्याच अर्जावर लक्ष राहत नाही. हेतूपत्र मागितलं असेल तर एका पानाच्या आत ठेवा, आणि त्यात ‘तुमच्या जगप्रसिद्ध संस्थेत’ असलं काही लिहू नका. त्यांना ते माहीत आहे. त्या विभागात कोणत्या प्रकारचे रुग्ण येतात, तुम्हाला नेमकं काय शिकायचंय, त्या शहराशी काही नातं असेल तर ते, आणि डीओ असण्याबद्दल एक सरळ वाक्य. माफीचा सूर नको, प्रवचनही नको.

ईमेल पाठवायची ती विभागाच्या व्हिजिटिंग स्टुडंट कोऑर्डिनेटरला. अध्यक्षांना किंवा प्रोग्रॅम डायरेक्टरला पहिल्या फटक्यात नव्हे. विषयाच्या ओळीत नाव, कॉलेज, शाखा आणि ब्लॉकच्या तारखा. आत पाच-सहा वाक्यं: मी कोण, कोणत्या ब्लॉकसाठी अर्ज केला आहे, पर्यायी तारखा कोणत्या, करार आहे की नाही, कागद पूर्ण आहेत, बायोडेटा जोडला आहे. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा. कोऑर्डिनेटर ही व्यक्ती या सगळ्या खेळात सर्वांत महत्त्वाची आहे. तिच्याशी रुक्षपणे बोललेलं विसरलं जात नाही.

ऑफर आली की मुदतीत स्वीकारा आणि त्याच तारखांचे बाकीचे अर्ज त्याच दिवशी मागे घ्या. एका ब्लॉकच्या दोन ऑफर खिशात ठेवून ‘बघू’ म्हणणं, किंवा स्वीकारल्यावर ऐन वेळी रद्द करणं, तुमच्या कॉलेजच्या पुढच्या विद्यार्थ्यांनाही भोवतं.

नकार आला किंवा काहीच कळलं नाही, तरी यादी बंद झालेली नसते. ब्लॉक सुरू होण्याआधी चार ते सहा आठवडे जागा सुटतात, कारण ज्यांच्याकडे दोन ऑफर असतात ते तेव्हा एक सोडतात. त्याच सुमारास कोऑर्डिनेटरला लिहा: ‘कागद पूर्ण आहेत, करार आहे, कळवल्यास येऊ शकतो.’ तयार फोल्डरवाल्याला ही जागा मिळते. ज्याला अजून टायटर करायचाय त्याला नाही.

राहण्यासाठी रोटेटिंग रूमसारख्या संकेतस्थळांवर विद्यार्थी एकमेकांना खोल्या देतात. शहरातल्या महाराष्ट्र मंडळातही विचारा. चार आठवड्यांसाठी खोली देणारं कुटुंब निघू शकतं. फक्त पहाटे साडेचारला बाहेर पडणार आणि रात्री जेवायला असेनच असं नाही, हे आधी सांगा. नाहीतर काकू रोज ताट वाढून वाट पाहत बसतील.

ते चार आठवडे

बॅज, पार्किंग, एपिकचं खातं आणि ऑनलाइन मोड्यूल हे पहिल्या दिवसाआधी उरकायचं. एपिकचं खातं उघडलं नाही, तर पहिले तीन दिवस तुम्ही नुसते उभे राहता.

रोज रेझिडेंटच्या आधी अर्धा तास पोचा, आपल्या रुग्णांचे रात्रभराचे आकडे बघा, रुग्णाला प्रत्यक्ष तपासा. सादरीकरणाचा नमुना पहिल्याच दिवशी सीनियर रेझिडेंटला विचारा, कारण दर ठिकाणी तो वेगळा असतो. मूल्यमापन आणि योजना यांत स्वतःचं मत मांडा. चुकलं तरी चालतं, नुसते आकडे वाचणं चालत नाही. दुसऱ्या विद्यार्थ्याच्या रुग्णाबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही झडप घालून देऊ नका. हुशारी दिसते, पण लोकांना आठवते ती घातलेली झडप.

मॅनिप्युलेशनचा विषय निघेलच. यजमान रुग्णालयात ते करण्याचा अधिकार असलेला अटेंडिंग हजर नसेल, तर रुग्णावर ते करायचं नाही, रुग्णाने मागितलं तरी. कुणी विचारलंच तर दोन मिनिटांत सांगता येईल एवढं तयार ठेवा: कशासाठी वापरतात, पुरावा कुठे बरा आहे, कुठे नाही. कंबरदुखीबद्दल बोलता येतं. सगळे रोग बरे होतात असा दावा केलात, तर उरलेले तीन आठवडे त्यातच जातील.

दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस अटेंडिंगला थेट विचारा: ‘सुधारण्यासारख्या दोन गोष्टी सांगा.’ आणि त्या तिसऱ्या आठवड्यात दिसतील असं बघा.

पत्र शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीला, समोरासमोर मागा. प्रश्न असा ठेवा: ‘माझ्यासाठी जोरदार पत्र देऊ शकाल का?’ उत्तरात घुटमळ दिसली तर आभार मानून दुसऱ्याकडे वळा. होकार आला की त्याच दिवशी इरासमधला (रेझिडेन्सी-अर्जांच्या प्रणालीतला) पत्र-विनंतीचा फॉर्म, बायोडेटा आणि तुम्ही सांभाळलेल्या दोन-तीन रुग्णांची ओळख-न-देणारी टिपणं पाठवा. पत्र वाचण्याचा हक्क सोडला आहे अशी खूण करा, नाहीतर वाचणाऱ्यांचा त्या पत्रावर पूर्ण विश्वास बसत नाही. इमर्जन्सीत आणि ऑर्थोपेडिक्ससारख्या शाखांत पत्राचा नमुना ठरलेला असतो; साधं पत्र घेऊन गेलात तर उपयोग कमी.

आणि निघण्याआधी आपल्या कॉलेजचा मूल्यमापनाचा फॉर्म कुणाकडे गेला आहे ते बघा. यजमान त्यांच्या प्रणालीत गुण भरतात, तुमच्या कॉलेजला मात्र त्यांचाच फॉर्म हवा असतो, आणि तो बरेचदा अशा अटेंडिंगच्या ईमेलवर गेलेला असतो जो पुढच्या ब्लॉकला सेवेत नसतो. शेवटच्या शुक्रवारी कोऑर्डिनेटरकडून योग्य नाव आणि पत्ता लिहून घ्या, आपल्या रजिस्ट्रारला कळवा, आणि तीन आठवड्यांनी गुण नोंदले गेले का ते तपासा.